चिनी गाण्यांच्या चांगल्या सीड्या जमवायच्या असतील तर

आधी एक काम करा. "चिंच" हा शब्द दोनतीनदा मोठ्यानं म्हणा. पहिला च टाळूला लागतो आणि शेवटचा दातांना, लिहिताना अक्षर एकच, शाळेत कोणी वेगळं शिकवलेलं नाही, तरी आपला कान दोन्ही बरोबर ओळखतो. मँडरिन चिनी भाषेत हा प्रकार आणखी मोठा आहे, दातांचा च वेगळा, टाळूचा वेगळा, जीभ मागे वळवून म्हणायचा वेगळा, आणि स-श सुद्धा तसेच तीन. गायिका माइकच्या जवळ उभी असली की हे सगळे उच्चार साधारण ५ ते १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात येऊन पडतात आणि रेकॉर्डिंग वाईट असेल किंवा आपला ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक उंच आवाज काढणारा छोटा भाग, तिखट असेल तर तिन्हींचं मिळून एकच कानाला टोचणारं "स्स" होतं. रेकॉर्डिंग चांगलं असेल तर भाषेतला एक शब्द कळत नसताना सुद्धा आपल्याला समजतं की आत्ता तिची जीभ दाताला लागली, आत्ता मागे वळली. मी चिनी गाण्यांच्या सीड्या जमवायला लागलो त्याचं अर्धं कारण हेच, मराठी कानाला ही परीक्षा घेता येते.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे माझा आतेभाऊ. तो तारवटी, बोटीवर कामाला, आणि आमच्या फोंड्याच्या घरी सुट्टीवर येताना चॉकलेट आणि परफ्यूम आणायचा तसा एकदा हाँगकाँगहून दोन सीड्या घेऊन आला, दुकानदारानं त्याला सांगितलं होतं की स्पीकर तपासायला ह्या चांगल्या. त्यातला आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा बाई समोरच्या सोप्यावर बसून गातेय असं वाटलं, ओठ उघडल्याचा आवाज, श्वास आत घेतल्याचा आवाज, सगळं जागच्या जागी. तेव्हापासून पंधराएक वर्षं जमवतोय आणि बऱ्याच चुका करून जे कळलं ते इथे लिहितो, म्हणजे नव्यानं सुरू करणाऱ्याचे पैसे वाचतील.

एक शब्द माहीत करून घ्या. चिनी लोक आपल्यासारख्या आवाजवेड्या माणसाला "फाशाओयो" म्हणतात, शब्दशः अर्थ ताप चढलेला दोस्त. आणि ज्या सीड्या खास अशा लोकांसाठी काढतात त्या "फाशाओ" सीड्या, तापवाल्या. हाँगकाँग, ग्वांगझो, तैवान इथे हा वेगळा बाजारच आहे, त्यामुळे निवडायला माल भरपूर आणि त्याच कारणानं फसायला पण भरपूर.

सुरुवात त्साय चिनपासून करा असं मी प्रत्येकाला सांगतो. तैवानची गायिका, जन्म १९५७ चा, १९७९ मध्ये पहिलं गाणं गाजलं, आवाज खालच्या पट्टीतला, भरलेला, गोडवा आहे पण साखर ओतलेली नाही. हायफाय दुकानात तिची सीडी नाही असं त्या भागात सहसा होत नाही, २००२ च्या एका गाजलेल्या हाँगकाँग पोलीसपटात तर दोन्ही नायक हायफाय दुकानात शेजारी शेजारी बसून तिचंच गाणं ऐकतात आणि काही बोलत नाहीत. तिचं एक गाणं आहे "तूखोउ", म्हणजे होडीतून नदी ओलांडायची जागा, रायबंदरला चोडणच्या फेरीसाठी आपण थांबतो तसा धक्का, आणि गाणं निरोपाचं आहे, हात हातातून हळूच सोडवून घेण्याचं, शब्द शी मूरोंग ह्या कवयित्रीच्या कवितेचे. त्याच्या सुरुवातीला खोल ढोल वाजतो आणि नंतर तिचा आवाज येतो. जगभरचे लोक हे गाणं बास तपासायला वापरतात पण कसं ऐकायचं ते कोणी सांगत नाही. आपल्याकडे सोपं माप आहे, घुमट. चवथीला आरत्या म्हणताना घुमट जवळून ऐकलेला असतोच ना सगळ्यांनी, त्यात चामड्यावर बोटं पडल्याचा आवाज वेगळा येतो आणि मडक्याच्या पोटातला घुमारा त्याच्या मागोमाग वेगळा येतो. ह्या ढोलाचं पण तसंच झालं पाहिजे, आधी कातडं, मग पोट, मग शांतता. तुमच्या घरी नुसताच "धूंऽऽ" येत असेल आणि तो तिच्या पहिल्या ओळीवर सांडत असेल तर दोष सीडीचा नाही, स्पीकर भिंतीला फार चिकटलेत, ते पुढे ओढा.

दुसरं नाव तेरेसा तेंग. १९५३ मध्ये तैवानमध्ये जन्मली आणि १९९५ मध्ये थायलंडच्या चियांग माईमध्ये गेली, वय अवघं ४२. तिच्याबद्दल मला फार वाटतं म्हणून इथे जरा थांबतो. तिचे अल्बम असंख्य आहेत, जपानीत गायलेले वेगळे, आणि संग्रहांचे संग्रह तर मोजता येणार नाहीत, पण एकच घ्यायचा असेल तर १९८३ चा "तानतान यौछिंग" घ्या. त्यात बारा गाणी आहेत आणि शब्द सगळे जुन्या चिनी काव्यातले, त्यातले काही तर जवळजवळ एक हजार वर्षांपूर्वीचे. त्यातली सू शी ह्या कवीची एक कविता १०७६ सालची आहे, शरदाच्या पौर्णिमेला भाऊ दूर असताना चंद्राकडे बघत लिहिलेली, आपल्या कोजागिरीच्या आसपासचाच तो त्यांचा सण. नवीन चाली, जुने शब्द, आणि तिचा तो रेशमी आवाज, वाद्यं कमी कमी ठेवलेली. आपल्याकडे तुकोबांचे अभंग नवीन चालीत गायलेले ऐकून वाढलेल्या माणसाला ह्या अल्बमची ओळख करून द्यावी लागत नाही, ऐकलं की कळतं हे काय चाललंय. हाच अल्बम इतक्या वेगवेगळ्या छपायांमध्ये मिळतो की सीडी कशी निवडावी हे शिकायला ह्याच्यासारखी शाळा नाही, त्याबद्दल खाली सांगतो.

तिसरी दादावा, १९९५ चा "सिस्टर ड्रम", संगीत ह शुनथिअन ह्यांचं. तिबेटवरून सुचलेलं आहे पण तिबेटचं खरं संगीत म्हणून ऐकू नका, ती एका चिनी संगीतकाराची कल्पना आहे आणि त्यावर टीका पण झालेली आहे. आवाज तपासायला मात्र जबरदस्त, अगदी बारीक सुरू होतं आणि मग अचानक ढोल आणि कोरस असा काही उसळतो की आधी व्हॉल्यूम वाढवून ठेवलेला असेल तर शेजारी बाहेर येऊन बघतील. पहिल्यांदा ऐकताना व्हॉल्यूम कमीच ठेवा, हे मनापासून सांगतो, छोट्या स्पीकरचा कोन फाटू शकतो. पुरुष आवाजात चाओ फंग, त्याच्या सीड्यांच्या मालिकेचं नावच "मानवी सबवूफर" अशा अर्थाचं आहे, आवाज इतका खालचा. दोन सीड्यांच्या पुढे मला त्याचा कंटाळा येतो पण एक असावी. याओ सथिंग इंग्रजी प्रेमगीतं गाते, थोंग ली जुनी चिनी गाणी गाते, दोघींचं रेकॉर्डिंग स्वच्छ असतं.

आणि इथेच एक स्पष्ट मत सांगतो. तापवाल्या सीड्यांमध्ये खूप माल असा आहे की तीच वीसपंचवीस जुनी गाणी, नवी मुलगी, कानाजवळ कुजबुजल्यासारखा आवाज, मागे एक गिटार, भरपूर एको, आणि कव्हरवर चार लोगो. पहिल्यांदा ऐकताना तोंडात बोट जातं आणि तिसऱ्यांदा ऐकताना आपण उठून पंखा लावायला जातो. ज्या गाण्याकडे आपण पुन्हा पुन्हा जात नाही ते कितीही स्वच्छ रेकॉर्ड केलेलं असो, ते शेल्फवर जागा अडवतं. आधी यूट्यूबवर किंवा स्ट्रीमिंगवर पूर्ण अल्बम दोनदा ऐका, आठ दिवसांनी तो आपोआप आठवला तरच सीडी शोधायला लागा, मी आता हा नियम मोडत नाही.

शोधताना पहिली अडचण नावांची. एकाच बाईचं नाव दोन पद्धतीनं लिहितात, तैवानची जुनी रोमन पद्धत वेगळी आणि चीनची पिनयिन वेगळी. त्साय चिन शोधताना टी एस ए आय, सी एच आय एन असंही टाका आणि सी ए आय, क्यू आय एन असंही टाका, दोन्हीकडे वेगळे विक्रेते निघतात आणि बऱ्याचदा भाव पण वेगळे. तेरेसा तेंगचं पिनयिन आहे डी ई एन जी, एल आय जे यू एन. सगळ्यात चांगलं म्हणजे विकिपीडियावरून त्यांच्या नावाची चिनी अक्षरं कॉपी करून फोनमध्ये नोट्समध्ये ठेवा, जुनी भरगच्च अक्षरं आणि नवी सोपी केलेली अक्षरं अशी दोन्ही, आणि तीच शोधाच्या चौकटीत पेस्ट करा. ह्याचा आणखी एक फायदा, कव्हरचा फोटो बघून तुम्हाला कळायला लागतं की छपाई कुठल्या बाजारासाठी आहे, हाँगकाँग आणि तैवानच्या सीड्यांवर भरगच्च अक्षरं, मुख्य चीनच्या सीड्यांवर सोपी.

मग बारकोड बघा. पहिले आकडे ४८९ असतील तर हाँगकाँग, ४७१ तैवान, ६९० ते ६९९ चीन, ४५ किंवा ४९ नं सुरू होत असेल तर जपान, ८८८ सिंगापूर, ९५५ मलेशिया. एवढं लक्षात घ्या की बारकोड कंपनी कुठे नोंदलेली आहे ते सांगतो, चकती कुठे छापली ते नाही. ऐंशीच्या दशकातल्या हाँगकाँगच्या बऱ्याच सीड्या जपानमध्ये, पश्चिम जर्मनीत किंवा कोरियात छापलेल्या असतात आणि संग्राहक त्याच जास्त शोधतात. मुख्य चीनमध्ये रीतसर निघालेल्या सीडीवर सी एन नं सुरू होणारा लांबलचक आयएसआरसी नंबर, म्हणजे रेकॉर्डिंगचा नोंदणी क्रमांक, छापलेला असतो, त्याच्या शेवटी ए आणि जे ६ असं येतं, तो नसेल तर जरा सावध.

कव्हरवरच्या लोगोंबद्दल सगळे विचारतात म्हणून एकदाच नीट सांगतो. सीडी म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ, १९८२ पासून हेच आहे, चकती सोन्याची असो की चांदीची. एचडीसीडी हे पॅसिफिक मायक्रोसॉनिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीनं काढलेलं तंत्र, डिकोडर असेल तर त्यातून थोडी जास्त माहिती निघते, नसेल तर साधी सीडी म्हणून वाजते, २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं आणि पुढे प्लेयरमधून डिकोडर गायब होत गेले, पण चिनी सीड्यांवर हा लोगो भरपूर दिसतो. कॉम्प्युटरवर फूबार सारख्या प्लेयरमध्ये त्याचं डिकोडिंग करता येतं. एक्सआरसीडी म्हणजे जेव्हीसी ह्या जपानी कंपनीनं मास्टरिंगपासून, म्हणजे छपाईआधी रेकॉर्डिंगच्या आवाजावर शेवटचा हात फिरवतात तिथपासून, छपाईपर्यंत प्रत्येक पायरीवर घेतलेली काळजी, वाजते साध्या प्लेयरवरच. एसएचएम सीडी म्हणजे चांगल्या प्रतीचं पारदर्शक प्लास्टिक, ब्लू-स्पेक म्हणजे साचा निळ्या लेझरनं कोरलेला, दोन्ही २००७-०८ च्या सुमाराला जपानमधून आल्या. एसएसीडी मात्र खरंच वेगळा फॉरमॅट, १९९९ चा, आणि घेताना हायब्रिड आहे का ते बघाच, हायब्रिड असेल तर साध्या प्लेयरवर तिचा सीडीचा थर वाजतो, सिंगल लेयर असेल तर तुमचा प्लेयर ती ओळखणारच नाही.

आता माझं मत. प्लास्टिक आणि सोनं ह्याच्यामुळे जो फरक पडतो असं लोक सांगतात त्यापेक्षा कितीतरी पट फरक मास्टरिंग करणाऱ्या माणसामुळे पडतो. तेरेसा तेंगच्या त्या १९८३ च्या अल्बमच्या माझ्याकडे तीन छपाया आहेत. जुनी थोडी हळू वाजते, व्हॉल्यूम वर न्यावा लागतो, पण आवाजाला हवा आहे. एक मधली, अगदी झगमगीत रीमास्टर, तिच्यात सगळं पुढे ढकलून एका रेषेत आणलंय, तिचा हळू झालेला सूर आणि मोठा झालेला सूर सारखेच मोठे, आणि वरचे उच्चार टोचतात. तिसरी जपानी, तिचं मास्टरिंग जुन्या छपाईच्या जवळ जातं, आणि मी रोज लावतो ती हीच. ही परीक्षा तुम्ही पण करू शकता, एकाच अल्बमच्या दोन छपाया एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी ह्या प्रोग्रामनं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न घटवणाऱ्या फाईलमध्ये, कॉम्प्युटरवर उतरवून (रिप करून) घ्या आणि ऑडॅसिटी ह्या आवाजाच्या प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी उघडा. एकीची लाट डोंगरदऱ्यांसारखी दिसेल आणि दुसरीची चिऱ्याच्या कुंपणासारखी वरून सपाट, मग काही सांगायला लागत नाही. आणि कधीकधी असंही निघतं की महागड्या खास आवृत्तीची फाईल आणि साध्या सीडीची फाईल बिट टू बिट एकच आहे, चेकसम (फाईलमधल्या डेटावरून काढलेला ओळख आकडा) जुळतो, म्हणजे आपण डब्याचे पैसे दिले.

त्याच ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे खालपासून वरपर्यंत कुठले सूर किती आहेत त्याचं चित्र, पण बघायची सवय लावा. सगळं गाणं जर १६ किलोहर्ट्झला सुरीनं कापल्यासारखं सरळ रेषेत संपत असेल तर कोणीतरी एमपीथ्रीवरून सीडी बनवलीय. जुन्या टेपच्या रेकॉर्डिंगला वरचा भाग कमी असतोच पण तो हळूहळू विरतो, असा कापलेला नसतो.

नकली माल मला पण मिळालेला आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून "मास्टरवरून थेट कोरलेली" म्हणून एक महागडी चकती मागवली, डबा सुंदर लाकडी, आत मखमल, प्रमाणपत्र, नंबर घातलेला. चकती उलटी केली तर खालची बाजू निळसर जांभळी. म्हणजे सीडी-आर, आपण घरी कॉम्प्युटरवर बर्न करतो तीच. काही चांगले लेबल, म्हणजे सीड्या काढणाऱ्या कंपन्या, खरोखरच मन लावून एकेक चकती बर्न करून देतात आणि तसं सांगतात, ते मला मान्य आहे, पण ह्या माणसानं छापलेली सीडी म्हणून विकली आणि पैसे परत द्यायला नकार दिला. दोन पावसाळ्यांनंतर ती वाजायची बंद झाली. त्यामुळे विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे चकतीच्या खालच्या बाजूचा फोटो मागा आणि मधल्या भोकाच्या भोवतालच्या कड्याचा जवळून मागा. त्या कड्यावर मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या छपाईचा ओळख नंबर, असतो आणि बहुतेक चकत्यांवर आयएफपीआय ह्या संगीत कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे बारीक कोड, एक एल अक्षरानं सुरू होणारा आणि एक साच्याचा. हे कोड १९९४ मध्ये आले, म्हणून त्याआधीच्या सीडीवर ते नसणं बरोबरच आहे, उलट १९८५ ची पहिली छपाई म्हणून कोणी विकत असेल आणि कड्यावर आयएफपीआय दिसत असेल तर ती १९८५ ला छापलेली नाही, नंतर छापलेली आहे. ह्या एका गोष्टीनं माझे बरेच पैसे वाचलेत. फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊच नका.

कुठून घ्यायच्या, तर डिस्कॉग्ज ही वेबसाइट सगळ्यात बरी कारण तिथे प्रत्येक छपाईचं वेगळं पान असतं आणि मॅट्रिक्स नंबर जुळवता येतो. नव्या सीड्यांसाठी येसएशिया, जपानी छपायांसाठी सीडीजपान. पोस्टानं आलेल्या पार्सलवर कस्टम ड्यूटी लागू शकते, तिचा हिशोब धरूनच भाव परवडतो का बघा, पाकिटावर खोटं गिफ्ट वगैरे लिहायला सांगू नका. विक्रेत्याला सांगा की चकती डब्यातून काढून वेगळ्या पाकिटात ठेव, वाटेत डब्याचे मधले दात तुटतात आणि त्या तुकड्यांवर चकती घासत येते, प्लास्टिकचा रिकामा डबा आपल्याकडे मिळतो, ओरखडा मात्र बुजत नाही. प्रत्यक्ष जायला मिळालं तर सिंगापूरची अडेल्फी बिल्डिंग, तिथे हायफायची दुकानं एकाला एक लागून आहेत, आणि हाँगकाँगमध्ये शाम शुई पो भाग, जुनं इलेक्ट्रॉनिक्स आणि जुन्या रेकॉर्ड दोन्ही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चिनी गाणी मला आजवर मिळाली नाहीत, पण जुने सीडी प्लेयर मिळतात आणि चांगला ट्रे असलेला, भारी वजनाचा जुना प्लेयर दिसला तर सोबत एक सीडी घेऊन जा आणि शेवटचं गाणं लावून बघा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, लेझर थकलेला असेल तर सहसा बाहेरच्या कडेला आल्यावर अडखळतो.

गोव्यात राहून सीड्या जमवायच्या तर पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो, ह्याबद्दल परदेशी गाइडमध्ये काही नसतं. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलीमीटर पाऊस, जून ते सप्टेंबर हवा ओली, कपाटातल्या चपलांना सुद्धा बुरशी येते. सीडीला बुरशी लागते का, तर लागते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधून आणलेल्या एका सीडीत बुरशीनं आतला ॲल्युमिनियमचा थर खाल्लेला माद्रिदच्या शास्त्रज्ञांना २००१ मध्ये सापडला होता, तिथली हवा आपल्यासारखीच, गरम आणि दमट. चकतीची वाजणारी बाजू १.२ मिलीमीटर जाड प्लास्टिकनं झाकलेली असते पण छापील बाजूला ॲल्युमिनियमवर नुसता लाखेचा पातळ थर, खरी नाजूक बाजू तीच, तिच्यावर बॉलपेननं लिहू नका, स्टिकर लावू नका.

मी काय करतो तर घट्ट झाकणाचे मोठे प्लास्टिकचे डबे, तांदूळ ठेवतो तसले, त्यात सीड्या उभ्या, आणि प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या, रंग बदलणारी घ्या, निळी असते ती ओल धरली की गुलाबी होते, मग मंद आचेवर गरम केली की परत निळी, पण जेवणाच्या भांड्यात गरम करू नका. जानेवारी-फेब्रुवारीत, हवा कोरडी असते तेव्हा डबे भरून बंद करायचे. डांबरगोळ्या अजिबात टाकायच्या नाहीत, कसर पुस्तिका खाते म्हणून लोक टाकतात, पण त्या गोळ्यांची वाफ सीडीच्या डब्याच्या प्लास्टिकला मऊ करते. जुन्या जाड डब्यांच्या सेटमध्ये फोमचा तुकडा ठेवलेला असतो तो आल्या आल्या काढून टाका, तो वर्षांनी चिकट होऊन चकतीला धरतो. पुसायची वेळ आली तर मऊ सुती कापडानं मधून सरळ बाहेरच्या कडेकडे, गोल फिरवून कधीच नाही. कारण असं की प्लेयरची चूक-दुरुस्ती ट्रॅकच्या लांबीत साधारण अडीच मिलीमीटरपर्यंतचा तुटलेला भाग भरून काढते, आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्याला केसाएवढाच आडवा येतो, पण ट्रॅकच्या दिशेनं गेलेला ओरखडा एकाच ठिकाणी लांबच लांब डेटा खाऊन टाकतो.

खाऱ्या हवेनं आरसीए पिना, म्हणजे प्लेयर आणि ॲम्प्लिफायर जोडणाऱ्या तारांची टोकं, हिरव्या पडतात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी दोनतीन महिन्यांनी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसाव्यात, आवाज कर्कश झाला म्हणून डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारं यंत्र) बदलायला निघालेल्या एका मित्राचं काम एवढ्यावरच झालं. घर चिऱ्याचं, वर कौलं आणि खाली लाद्या असं असेल तर लादीवर एक जाड सतरंजी टाका, स्पीकर आणि तुमच्यामध्ये, आणि समोर बसल्यावर ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा. मग परत चिंच आठवा, एकच ओळ चारपाच वेळा लावून दातांचा च आणि टाळूचा च वेगळे पडतात का ते ऐका. सतरंजीच्या आधी आणि नंतर. जोराच्या पावसात, विशेषतः पत्र्याखाली, बारीक ऐकायचा प्रयत्न करू नका, व्हॉल्यूम वाढत जातो आणि काहीच कळत नाही, त्या दिवसांत मी रिप करायचं आणि पुस्तिका वाळवायचं काम काढतो.

कोणी विचारतं की केसरबाई आणि मोगूबाईंच्या मुलखात राहून चिनी गाणी कशाला. आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर गेली हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच तबकडीवर क्वान फिंगहू ह्यांनी वाजवलेलं छिन हे तारांचं चिनी वाद्य पण आहे, वाहत्या पाण्याचं संगीत, साडेसात मिनिटांचं. दोघंही एकाच तबकडीवर बसून सूर्यमालेच्या बाहेर चाललेत. ज्यांना फक्त आवाज नाही तर चिनी वाद्यं पण ऐकायची असतील त्यांनी हाँगकाँगचं ह्यूगो आणि २००३ मध्ये बीजिंगमध्ये सुरू झालेलं राइमॉय ह्या दोन लेबलांकडे बघा, रेकॉर्डिंग मन लावून केलेलं असतं.

आतेभाऊ चवथ करून परत बोटीवर जातो, आणि जाताना मी त्याला चिठ्ठी देतो ती कशी असते ते सांगून थांबतो. आधी नुसती नावं लिहून द्यायचो, मग तो बिचारा दुकानदाराला वाचून दाखवायचा आणि भलतंच घेऊन यायचा. आता कागदावर मोठ्या टाइपात गायिकेचं आणि अल्बमचं नाव चिनी अक्षरांत छापतो, खाली कव्हरचा रंगीत फोटो, त्याच्या खाली बारकोडचा पूर्ण आकडा, मॅट्रिक्स नंबर, जास्तीत जास्त किती डॉलर द्यायचे ते, आणि शेवटी दुकानदारासाठी चिनीत एक ओळ, "कृपया चकतीची खालची बाजू दाखवा". एका खेपेला तीनच चिठ्ठ्या. त्याला बंदरात मोकळे मिळतात ते चारपाच तास, त्यात त्याला घरी फोन करायचा असतो आणि मुलासाठी बूट घ्यायचे असतात.